जुन्या मोटारीची ठिणगी



जुनी मोटार जपणाऱ्या घरांतून एक तक्रार वारंवार ऐकूं येते. गाडी चालते, पण सकाळीं लवकर सुरू होत नाहीं आणि चढावर अडखळते. अशा वेळीं पेट्रोलला दोष देण्यापूर्वीं इग्निशन कॉइलच्या दोन तारांकडे पाहावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

कॉइलमध्यें लोखंडी गाभ्यावर तारेचीं दोन वेटोळीं असतात. एकांत जाड तारेचे कांहीं शें फेरे, दुसऱ्यांत केसासारख्या बारीक तारेचे कित्येक हजार. बॅटरीचा प्रवाह पहिल्या वेटोळ्यांतून वाहत असतां डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडतात, प्रवाह एकाएकीं तुटतो आणि दुसऱ्या वेटोळ्यांत हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगवर ठिणगी पडते. मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं शोधून काढलेल्या तत्त्वाचेंच हें फळ होय.

आतां जोडणी पाहूं. कॉइलच्या एका टोकास किल्लीच्या स्विचकडून तार येते, दुसऱ्यापासून डिस्ट्रिब्यूटरकडे जाते. कोणतें टोक कोणास, याचें उत्तर बॅटरीपाशीं मिळतें. बॅटरीचें जें टोक गाडीच्या सांगाड्यास जोडलेलें असेल, त्याच चिन्हाचें कॉइलचें टोक डिस्ट्रिब्यूटरला द्यावें. १९४८ सालीं इंग्लंडांत निघालेल्या मॉरिस मायनरमध्यें बॅटरीचें धन टोक सांगाड्यास जोडीत. म्हणून तेथें कॉइलचें धन टोक डिस्ट्रिब्यूटरकडे. पुढें कित्येक मालकांनीं तें बदलून ऋण टोक सांगाड्यास जोडून घेतलें. मग कॉइलच्या ताराही बदलाव्या लागतात, आणि नेमकें तेंच राहून जातें.

तारा उलट असल्या तरी ठिणगी पडते, म्हणून दोष लपून राहतो. उत्तर जुळलें म्हणजे रीतही बरोबर, असें नव्हे, हें गणिताच्या तासाला मुलांना नेहमीं बजावावें लागे. तोच न्याय येथें. प्लगचा मधला दांडा फार तापतो व तप्त धातूंतून इलेक्ट्रॉन सुलभतेनें सुटतात; म्हणून तो ऋण असणें हितावह. उलट जोडणींत ठिणगीला अधिक दाब लागतो. कॉइल निकोप आहे तोंवर भागतें. ती थकली, प्लगची फट वाढली, चढ लागला, कीं ठिणगी चुकते.

कामास हात घालण्यापूर्वीं बॅटरीची सांगाड्याकडील तार सोडावी. इंजिन बंद असतां किल्ली चालू ठेवूं नये. पॉइंट मिटलेले असल्यास कॉइल तापून निकामी होते. या दुरुस्तीस नवा भाग लागत नाहीं. एक पाना आणि थोडें लक्ष पुरे.