वीज, संगणक आणि मंडळाचे दप्तर



११ जुलै २०२१ रोजी आमेरच्या किल्ल्याजवळील टेहळणी बुरुजावर वीज कोसळून किमान ११ जणांचे प्राण गेले, हे आपण जयपूरवासी विसरलेलो नाही. पुढे एका पावसाळ्यात विजांच्या कडकडाटानंतर मंडळाचा संगणक मूक झाला. प्राणहानीपुढे हे नुकसान ते काय! तथापि पन्नास वर्षांची इतिवृत्ते नुकतीच त्यात उतरविली होती.

प्रथम पॉवर सप्लाय तपासला. तो जळालाच होता. दुसरा चांगला जोडूनही यंत्र सुरू होईना, तेव्हा आघात मदरबोर्डपर्यंत पोहोचल्याचे उमगले. विजेचा झटका इंटरनेटच्या केबलमधूनही शिरू शकतो. अखेर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली आणि सारे दप्तर सुखरूप निघाले! मग दोन्ही भाग नवे बसविले.

केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. आभाळ दाटताच प्लग आणि केबल दोन्ही काढावीत. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र त्यांना हात लावू नये. दप्तराची एक प्रत दुसऱ्या सभासदाच्या घरीही असावी. ज्येष्ठांनी परमुलखात जपलेले हे धन एका लखलखाटात जाऊ नये, एवढीच विनंती.