खाडे कोण मोजतं?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



शाळेला वारंवार दांडी मारणारं मूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुलगाच येतो. दप्तर झाडाखाली लपवून नदीवर डुंबणारा. मास्तर त्याला उनाड म्हणतात, पूर्वी छडीही मिळायची. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने छडीवर बंदी आणली आणि आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यावरही. (ही बंदी प्रत्येक वर्गात पोचली आहे असं मात्र म्हणवत नाही.)

मुलीचे खाडे झाले तर तिला कोणी उनाड म्हणत नाही. ‘घरी काम असेल’ म्हणायचं आणि हजेरीपत्रकातल्या पुढच्या नावाकडे वळायचं. हा समजूतदारपणा मला छडीइतकाच घातक वाटतो.

जरा हिशेब बघा. आपल्या राज्यात सलग महिनाभर शाळेत न आलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं. जुलै 2015 मध्ये शाळाबाह्य मुलांचं राज्यभर सर्वेक्षण झालं, तेही याच व्याख्येने. आता कापसाच्या पट्ट्यातली सातवीची मुलगी घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते. आई सकाळीच शेतात, धाकटा भाऊ हिच्या कडेवर. सोमवारी येते, मंगळवारी नाही. बाजाराच्या दिवशी नाही. शाळेच्या संडासात पाणी नसेल तर पाळीचे चार दिवस नाही. पण आठवड्यातून दोन-तीनदा ती येतेच! त्यामुळे सलग महिना कधी भरत नाही. निम्मं वर्ष बुडालं तरी कागदोपत्री ती शाळेतच असते. मग सहामाहीत गणितं येत नाहीत, आणि बाई म्हणतात, “हिला शिक्षणाची गोडीच नाही.”

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. 1992 साली दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू झाला, दिवसाला एक रुपया. पुढे तीन दशकं तो रुपयाच राहिला. शिवाय अट 75 टक्के हजेरीची. म्हणजे जिला घरी थांबावंच लागतं, तिला तो रुपयाही नाही.

आता शाळेच्या सर्वांत आवडत्या उपायाबद्दल बोलते: पालकांना बोलावणं. मुलाच्या बाबतीत घरी चार शिव्या बसतात आणि दुसऱ्या दिवशी तो वर्गात असतो. मुलीच्या बाबतीत त्याच चिठ्ठीचा अर्थ बदलतो. आमच्या कामाच्या भागातली नववीतली एक मुलगी घरून वेळेवर निघायची आणि आठवड्यातून दोनदा मावशीकडे जाऊन बसायची. एसटीच्या थांब्यावर मुलांचं टोळकं त्रास देत होतं. शाळेनं चिठ्ठी पाठवली, “मुलगी वारंवार गैरहजर.” वडिलांनी एकच प्रश्न विचारला: घरून निघते, शाळेत पोचत नाही, मग जाते कुठे? त्याचं उत्तर ऐकायला कोणी थांबलं नाही. शाळा बंद झाली, महिन्याभरात पाहुणे बघून गेले. बातमी लागल्यावर ग्रामसेवकाला कळवलं, लग्न थांबलं. शाळा मात्र पुन्हा सुरू झाली नाही. मुलगी पंधरा वर्षांची, आणि शिक्षण हक्काचा कायदा चौदाव्या वर्षी हात झटकतो.

थांब्यावरच्या मुलांच्या घरी कसलीही चिठ्ठी गेली नाही, हेही सांगून ठेवते.

म्हणून आपली पहिली मागणी अशी, की चिठ्ठी घरी जाण्याआधी शाळेतल्या एखाद्या बाईंनी त्या मुलीशी एकटीशी बोलावं. दुसरं, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात, कायद्यानेच. आपल्या गटातल्या बाया तिथे सहीपुरत्या असतात, हे आपण सगळ्या जाणतो. त्यांनी हजेरीपत्रक मागावं आणि वारांप्रमाणे वाचावं.

एका गावात बायांनी तसं वाचलं. मुलींचे खाडे बाजाराच्या दिवशी आणि वेचणीच्या महिन्यांत दाटलेले होते. अंगणवाडी दुपारी बंद होते, आया दिवस मावळता परततात. मधल्या वेळेत भावंडं कोण सांभाळणार? बायांनी ग्रामसभेत पाळणाघर मागितलं. पंचायतीनं खोली दिली. सांभाळणाऱ्या बाईचं मानधन कोण देणार, यावर भांडण चालू आहे.