कॅमेऱ्याची राखण



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कामगारांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आम्ही मोठा विषय निवडलेला नाही. शेतावर बसविलेले राखणीचे कॅमेरे आणि त्यांची निगा, एवढ्याविषयीच बोलणार आहोत. युनियनच्या माणसाला ही उठाठेव कशाला, असे आपण म्हणाल. त्याचे कारण आधी सांगतो.

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेतली हकीगत. माघातल्या एका रात्री विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची केबल चोरीस गेली. मालकांनी फाटकावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण लावले. रात्री १ वाजता राखणदार जाग्यावर नाही, असे त्यात दिसले. झाले! ‘तू झोपलास, नाहीतर चोरांना सामील झालास,’ असे म्हणून त्याचा महिन्याचा पगार अडविला. गडी आमच्याकडे आला. आम्ही जाऊन विनंती केली, ‘दादा, चित्रण जरा पुढे चालू द्या.’ पुढे २ वाजता फाटकावरून दुधाची गाडी गेली. ती गाडी रोज पहाटे ६ ला येते, हे साऱ्या वस्तीला ठाऊक! म्हणजे यंत्राचे घड्याळ ४ तास मागे होते. चित्रणातला १ म्हणजे पहाटेचे ५, आणि त्या वेळी राखणदार मालकांच्याच सांगण्यावरून गोठ्यात धारा काढीत होता. खऱ्या १ वाजताचे चित्रण ९ च्या खुणेखाली सापडले. तेथे आमचा गडी काठी घेऊन फाटकाशी बसलेला होता.

मालक भले गृहस्थ. त्यांनी पगार तिथल्या तिथे दिला. केबल मात्र मिळाली नाही. कारण विहिरीवरच्या दुसऱ्या कॅमेऱ्यात पांढऱ्या धुक्याखेरीज काही नव्हते.

ही दोन्ही संकटे आली कोठून? चित्रण साठविणाऱ्या यंत्राच्या पोटात घड्याळापुरती नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली, की वीज जाताच घड्याळ मूळपदावर जाते. येथे कोणी तरी तारीख नीट लावली आणि तास तसेच सोडले. विहिरीवरची गोष्ट त्याहून साधी. अंधारात कॅमेरा पाहतो तो आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाने. काचेसमोर कोळ्याने जाळे विणले, की तो प्रकाश जाळ्यावरूनच परततो आणि सारे चित्र पांढरे पडते. दिवसा मात्र ठीक दिसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणजे चोराच्या आधी घात केला तो कोळ्याने आणि नाण्याएवढ्या बॅटरीने!

शेतावर अशी विघ्ने पुष्कळ. मोरचूद-चुन्याची फवारणी झाली, की काचेवर थर बसतो. तो कोरडा घासू नये, ओरखडे पडतात. आधी धूळ उडवावी, मग ओल्या मऊ फडक्याने टिपावे. सौर पट्टीवर धूळ साचली, की बॅटरी भरत नाही आणि कॅमेरा रात्रीच डोळे मिटतो. तारा उंदीर कुरतडतात. पावसाळ्यापूर्वी अर्थिंग तपासले नाही, तर विजेच्या एका कडकडाटात सारे यंत्र जाते. साठवणीची जागा भरली, की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. म्हणून चोरी झाली त्याच दिवशी नक्कल काढून ठेवावी. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्दही लगेच बदलावा. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या घातकी प्रोग्रामने असे न बदललेले शब्द वापरूनच जगभरचे कॅमेरे ताब्यात घेतले होते.

आणि कोर्टाची पायरी चढावी लागलीच, तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्या काळात यंत्र नीट चालत होते, हा त्यातला एक मुद्दा आहे. ज्याने सहा महिने यंत्राकडे पाहिले नाही, त्याने हे कोणत्या तोंडाने लिहून द्यावे?

आता मुख्य प्रश्न. ही निगा ठेवायची कोणी? कॅमेरा घेताना हजारो रुपये मोजले जातात. पुसण्याचे काम मात्र ‘जरा रिकामा झालास की चढ’ म्हणून राखणदाराच्या गळ्यात पडते. खांब उंच, शेजारी विजेची तार, शिडी डुगडुगती. पडला तर जबाबदार कोणी नाही, आणि जाळे राहिले तर जबाबदार तोच!

म्हणून त्या बागेत आम्ही मागितले ते एवढेच: आठवड्यातून एक तास या कामाचा, आणि त्या तासाची मजुरी वेगळी. नीट शिडी, खाली धरायला दुसरा माणूस, वीज बंद करून काम. त्याच दिवशी दिवसाचे व रात्रीचे चित्र पाहायचे, घड्याळ जुळवायचे आणि वहीत तारीख घालून मालक व राखणदार दोघांनी सही करायची. मालकांनी ते मान्य केले. आज त्या वहीचा आधार दोघांनाही आहे.

आपण शहरात राहता. पण आपल्याही सोसायटीच्या फाटकावर कॅमेरा आहे आणि त्याखाली एक माणूस बसतो. आज घरी जाल तेव्हा त्या यंत्राचे घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहा. फरक निघाला, तर तो आजच दुरुस्त करा. उद्या चोरी झाल्यावर त्या फरकाची किंमत फाटकावरच्या माणसाला मोजावी लागेल.