ओसरीचा दिवा : निवड आणि जागा
(अचलपूर येथील शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मेळाव्यात बोलायचे म्हणजे कपाशीवर बोलावे, संत्र्याच्या बहारावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असते. आज मी ओसरीतल्या दिव्यावर बोलणार आहे. विषय लहान वाटेल; पण माझ्या घरी या लहान विषयाने माझे वडील जाता जाता राहिले, म्हणून तो निवडला आहे.

काही वर्षांपूर्वी श्रावणात वडील रात्री ढोरांकडे पाहायला म्हणून बाहेर निघाले. ओसरीत दिवा चालू होता आणि चांगला मोठा होता. पण तो लावला होता दाराच्या चौकटीवर. वडील पायरीशी आले तेव्हा दिवा त्यांच्या पाठीमागे राहिला आणि त्यांची स्वतःची सावली नेमकी पायरीवर पडली. त्या सावलीत घोणस होती. लगेच दवाखान्यात नेले, प्रतिविष मिळाले, वडील वाचले. पायाची जखम भरायला मात्र दोन महिने लागले. त्या दिवशी एक गोष्ट समजली. दिवा असणे वेगळे आणि पाय टाकायच्या जागी उजेड असणे वेगळे.

आपल्या भागातील रात्र

अचलपूर हे सातपुड्याच्या, गाविलगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले आहे. सापन, बिच्छन या नद्या, संत्र्याच्या बागा आणि वर मेळघाटचे जंगल, असा हा परिसर. ओलिताला रात्रपाळीची वीज असली की शेतकरी मध्यरात्री घरी परततो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. त्यांपैकी मण्यार तर रात्रीच हिंडते आणि तिचा दंश पुष्कळदा झोपेत कळतही नाही.

दिवा पाहून साप पळतो, हा गैरसमज आहे. साप येतो तो उंदरांच्या व बेडकांच्या मागे. उलट चुकीचा दिवा त्याला बोलावून आणतो. भगभगीत दिव्यावर किडे येतात, किड्यांवर बेडूक व पाली येतात, आणि बेडकांच्या मागे साप. म्हणून दिवा साप हाकलण्यासाठी नसून साप दिसावा यासाठी आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. ओसरीलगत कुटार, विटांचा ढीग, सरपण व धान्याची सांडलवंड ठेवू नये. ही स्वच्छता नसेल तर कोणताही दिवा पुरा पडत नाही.

किती उजेड हवा ?

आपण अजूनही वॅटवरून उजेड ठरवितो. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. तो उजेड किती देतो हे ल्यूमेन या आकड्यावरून कळते, आणि हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब सुमारे ७०० ल्यूमेन उजेड देत असे. आजचा ९ वॅटचा एलईडी बल्ब ८०० ते ९०० ल्यूमेन देतो. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि त्यानंतर हे बल्ब खेडोपाडी स्वस्तात पोचले.

हिशेब करून पाहा. रोज बारा तास दिवा चालला तर १०० वॅटचा जुना बल्ब महिन्याला ३६ युनिट खातो, ५० वॅटचा फ्लड दिवा १८ युनिट, तर ९ वॅटचा एलईडी जेमतेम सव्वातीन युनिट.

दहा-बारा फूट लांबीच्या ओसरीला ७ ते ९ वॅटचा एक बल्ब पुरतो. ओसरी लांब असेल तर एक मोठा दिवा लावण्याऐवजी दोन टोकांना ५ वॅटचे दोन लावावेत. एकाची सावली दुसरा पुसतो, आणि एक गेला तरी अंधार होत नाही. फार मोठा दिवा लावण्यात आणखी एक तोटा आहे. झगझगीत उजेडातून अंगणात उतरले की काही वेळ काहीच दिसत नाही. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. पायरी उतरायला मात्र एक क्षण पुरतो.

पांढरा की पिवळसर ?

दुकानात दोन्ही मिळतात. पांढरा जास्त लख्ख दिसतो म्हणून आपण तोच उचलतो. येथे थोडे शास्त्र समजून घेऊ. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळ्या रसायनाचा थर देऊन पांढरा उजेड मिळवितात. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक रात्रकिड्यांचे डोळे निळ्या व अतिनील उजेडाला सर्वांत जास्त ओढले जातात. त्यामुळे निळसर पांढऱ्या दिव्यावर किडे अधिक येतात, पिवळसर दिव्यावर कमी.

खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिले असेल तर तो दिवा पिवळसर; ६५०० लिहिले असेल तर निळसर पांढरा. ओसरीसाठी २७०० ते ३००० केल्विनचाच दिवा घ्यावा. किडे अजिबात येणार नाहीत असे नाही. पण पावसाळ्यात जेवणाच्या ताटात पडणारे नक्कीच कमी होतील.

दिवा कोठे लावावा ?

१) चौकटीवर, पाठीमागे येईल असा लावू नये. पायरीच्या बाजूच्या खांबावर किंवा ओसरीच्या बाहेरील कडेला लावावा, म्हणजे उतरताना उजेड समोरून वा बाजूने येतो व सावली मागे पडते.

२) उजेड खाली जमिनीवर पडेल असे झाकण वा शेड असावे. आडवा फेकलेला उजेड डोळ्यांत जातो, पायाशी येत नाही.

३) बसायच्या किंवा झोपायच्या बाजेच्या थेट वर दिवा नको. वर किडे आणि खाली माणूस, अशी मांडणी टाळावी.

४) बटण दाराच्या आत, हाताला येईल असे असावे. आधी दिवा, मग पाय.

५) गोठ्याची वाट व संडासाची वाट यांना वेगळा लहान दिवा द्यावा. रात्री माणूस जातो तो तिकडेच.

माणूस आल्यावर आपोआप लागणारे दिवेही आता मिळतात. ते अंगाच्या उष्णतेची हालचाल ओळखतात. कुत्रे, शेळी यांनाही ते लागतात. पण साप थंड रक्ताचा असल्याने त्याला हा दिवा ओळखेल असे समजू नये. असा दिवा असला तरी हातातली बॅटरी सुटत नाही.

पिकावर उजेड पाडू नका

आता ज्यांचे घर शेताला लागून आहे त्यांच्यासाठी. एका वर्षी मी घरामागे मोठा फ्लड दिवा लावला होता. सोंगणीच्या वेळी सर्व सोयाबीन वाळले, पण दिव्यासमोरचा पट्टा हिरवाच राहिला. मी बियाण्याला दोष देत होतो. दोष दिव्याचा होता. सोयाबीन हे लहान दिवसाचे पीक आहे. रात्र पुरेशी लांब व काळोखी मिळाली तरच ते वेळेवर फुलते व पिकते. रात्रभर उजेड पडला की त्याला अजून दिवसच चालू आहे असे वाटते. शेवंतीचेही तसेच आहे. फूल उशिरा यावे म्हणून शेवंतीवर रात्री मुद्दाम दिवे लावतात. आपण न कळत तेच करतो.

हुमणीचेही पाहा. पहिल्या वळवाच्या वा मृगाच्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंबावर व बाभळीवर जमतात आणि उजेडाकडे येतात. त्या दिवसांत ओसरीचा दिवा गरजेपुरताच लावावा. किडे गोळा करायचे असतील तर घरापासून दूर, शेतात प्रकाश सापळा लावावा व त्याखाली रॉकेलमिश्रित पाणी ठेवावे. सापळा संध्याकाळी ७ ते रात्री १० पर्यंतच चालू ठेवावा. घरचा दिवा म्हणजे सापळा नव्हे. त्याखाली पाणी नसते, माणसे असतात.

विजेपासून सुरक्षितता

उघड्या जागेच्या दिव्यावर आयपी हा आकडा पाहावा. छपराखाली आयपी ४४ चालतो. पाऊस थेट लागत असेल तर आयपी ६५ घ्यावा. यातील पहिला अंक धुळीपासूनचे व दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो.

टीनपत्र्याच्या ओसरीत विशेष जपावे. पत्र्यावरून नुसती वायर ओढू नये. ऊन व वाऱ्याने तिचे आवरण घासते आणि एके दिवशी सबंध पत्र्यात वीज उतरते. वायर प्लास्टिकच्या पाइपातून न्यावी, मध्ये जोड ठेवू नये. दिव्यासाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. दिवा लोखंडी असेल तर अर्थिंगची तिसरी तार जोडलीच पाहिजे. बटण फेजच्या तारेवर असावे, न्यूट्रलवर नव्हे. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे. गळती होताच ते वीज तोडते. कपडे वाळविण्याची तार दिव्याच्या खांबाला कधीही बांधू नये. ही कामे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावीत.

खेड्यात विजेचा दाब कमी-जास्त होतो. न्यूट्रल तुटला तर तो एकदम चढतो व दिवे जातात. म्हणून १०० ते ३०० व्होल्टवर चालणारा, हमीपत्र असलेला दिवा घ्यावा व पावती जपून ठेवावी.

वीज गेली तर

सौर दिवा उपयोगी पडतो. मात्र ज्याच्या डोक्यावरच पॅनेल आहे असा दिवा छपराखाली लावून उपयोग नाही, त्याला ऊन मिळत नाही. पॅनेल वेगळे असलेला दिवा घेऊन पॅनेल छपरावर, दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे २१ अंश कलता बसवावा. अचलपूर साधारण तेवढ्याच अक्षांशावर आहे. लिथियम फॉस्फेट बॅटरी अधिक टिकते. दोन-तीन ढगाळ दिवस निघतील एवढी तिची क्षमता असावी. पॅनेलवरील धूळ पुसत राहावी.

दंश झालाच तर

धीर द्यावा, चावलेला अवयव हलवू देऊ नये, अंगठी-कडे काढावे. कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने तडक सरकारी रुग्णालय गाठावे. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

बंधू-भगिनींनो, पूर्वी आपल्या घरांत दाराशेजारी भिंतीत देवळी असे आणि तिच्यात दिवा ठेवत. तो मिणमिणता होता, पण पायरीच्या बाजूला होता. आज दिवे शंभरपट उजेड देतात, जागा मात्र आपण विसरलो. आज घरी गेल्यावर एवढेच करा. रात्री दिवा लावून दारात उभे राहा आणि आपली सावली कोठे पडते ते पाहा. ती पायरीवर पडत असेल, तर उद्याच दिव्याची जागा बदला. त्यासाठी नवा दिवाही घ्यावा लागणार नाही.