निर्जन वाड्यातील पगारदार नायिका



कामगार चळवळीतल्या माणसाने प्रेमाच्या आणि भयाच्या कादंबऱ्यांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन विरार लोकलमध्ये आणि युनियनच्या कचेरीत झाले. त्यात मार्क्स होता, तसे आपल्या अर्नाळ्याचे नाव लावणारे बाबुराव अर्नाळकरही होते. त्यांचा झुंजार संकटाच्या अंगावर धावून जातो. आज मी ज्या कादंबऱ्यांविषयी बोलणार आहे, त्यांत मात्र धावायला वाटच नसते. गावापासून दूर एक वाडा, त्यात अबोल, तापट धनी, एक बंद खोली आणि नव्याने आलेली एक तरुण मुलगी!

ही मुलगी कोण? कथेच्या भरात आपण विसरतो की, ती बहुधा पोटासाठी नोकरीला लागलेली असते. शार्लट ब्राँटीच्या 1847 सालच्या ‘जेन एअर’मध्ये जेन थॉर्नफील्डच्या वाड्यात शिक्षिका म्हणून येते, ती वर्षाला 30 पौंडांवर. दाफ्ने द्यू मोरियेच्या 1938 सालच्या ‘रिबेका’ची नायिका आधी एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण असते. वर्षाला 90 पौंड. आणि सबंध कादंबरीत तिला स्वतःचे नाव नाही! मालाडच्या बॉम्बे टॉकीजने 1949 साली काढलेल्या ‘महल’मध्ये तर जिला आपण भूत समजतो, ती अखेर माळ्याची मुलगी निघते. धन्याने आपल्याकडे पाहावे म्हणून तिला भूत व्हावे लागले, ही गोष्ट मला भुताहून अधिक भयंकर वाटते.

तेव्हा या वाड्यातले भय कशाचे? ओरडले तर ऐकणार कोण, याचे. केबिनमध्ये एकट्याने बोलावलेल्या कामगाराला मालकापुढे ‘नाही’ म्हणणे जड जाते. बरोबर दुसरा असला की तोच कामगार ताठ उभा राहतो. निर्जन वाड्यात हा दुसरा नसतो. म्हणून धन्याचा रागही तिथे प्रेमाचा प्रकार वाटू लागतो, आणि कित्येक तरुण वाचकांच्या मनात तसाच ठसतो. धोका आहे तो इथे.

पण चांगला लेखक खुणा ठेवून जातो. थॉर्नफील्डमध्ये ग्रेस पूल नावाची अबोल नोकर आहे. आपला पगार तिच्या एकपंचमांशही नाही, असे दुसरी मोलकरीण बोलून जाते. काम थोडे दिसते आणि पगार पाचपट! ज्याने पगारपत्रक वाचले आहे, त्याला तिथेच कळावे की हे पैसे काहीतरी झाकण्याचे आहेत. माडीवर धन्याची पहिली बायको कोंडलेली असते.

हे कळताच जेन रिकाम्या हाताने घर सोडते. पुढे तिला 20 हजार पौंडांचा वारसा मिळतो. त्याचे ती चार सारखे वाटे करते, तीन भावंडांचे आणि एक स्वतःचा. परतते ती यानंतर, कोणाची मिंधी न राहता. प्रेम तेच, पण आता बरोबरीचे.

असले वाडे विलायतेतच असतात असे नाही. आपल्या वसई-विरारच्या टॉवरांत दार लोटून घेतले की, आत एकटीने राबणाऱ्या बाईला तो फ्लॅटही वाडाच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 साली झालेल्या कायद्याने घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे, आणि घरकामगार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती तिच्यापर्यंत कोणी नेली, तर वाड्याची एक खिडकी उघडली असे मी म्हणेन.

म्हणून माझी विनंती एवढीच. या कादंबऱ्या वाचा, मुलींनाही वाचू द्या. त्यांतली गोडी खोटी नाही. फक्त वाचताना तीन प्रश्न विचारा: किल्ल्या कोणाकडे आहेत, पगार किती, आणि मन मोकळे करायला तिला कोण आहे? आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईबद्दलही हेच तीन प्रश्न विचारता आले, तर आजची संध्याकाळ सार्थकी लागली असे मी समजेन.