गीझर आणि दोनशे युनिट

दिल्लीचा जानेवारी. नळाचं पाणी 15 अंशांवर धरा. असं शंभर लिटर पाणी 45 अंशांपर्यंत तापवायला रोज साडेतीन युनिट लागतात, म्हणजे महिन्याला शंभरावर. इथे ऑगस्ट 2019पासून 200 युनिटपर्यंत घरगुती बिल शून्य; ती रेषा ओलांडली की पैसे भरा. हिवाळ्यात ओलांडायला लावतो तो गीझरच. (उन्हाळ्यात एसी, तिथे सोलर बंब काय करणार!)

बेंगळुरूत बेस्कॉमने बंब बसवणाऱ्याला युनिटमागे 50 पैसे सूट दिली, महिन्याला कमाल 50 रुपये. दिल्लीच्या वीज कंपन्यांनी तर बंबाचे हप्तेच बिलातून घ्यावेत, असं मला वाटतं. सकाळी सगळे गीझर एकदम चालू होतात, तो भार त्यांचाच हलका होईल. धुक्याच्या दिवसांसाठी टाकीत विजेची कॉइल मात्र हवीच. आणि फ्लॅटवाल्यांनो, गच्ची कोणाची, ते आधी विचारा.