जंगल बंद झालं त्याचा कागद मागा

(वनहक्क समित्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच जवळजवळ ठेवलं आहे.)

 

मला पुराव्यावर बोलायला सांगितलं आहे. दावा भरताना सगळ्यात जास्त जीव तिथंच अडकतो. आपण म्हणतो, आज्या-पणज्यापासून हा डोंगर आम्ही कसतो. समोरचा साहेब म्हणतो, कागद दाखवा. आपण म्हणतो, आमच्याकडं कुठला कागद? मग तो फॉर्मवर लिहितो, 'पुरावा नाही'. एवढ्या दोन शब्दांवर दावा बाजूला पडतो. तर मला आज सांगायचं आहे ते हे, की कागद आहे. तो आपल्या घरात नाही, सरकारच्या दप्तरात आहे. ज्या वेळी जंगल बंद केलं त्या वेळी त्यांनीच तो लिहिला.

जंगल बंद कसं केलं ते आधी बघू. इंग्रजांनी पहिला जंगल कायदा केला 1865 ला. तो कच्चा होता म्हणून 1878 ला दुसरा केला, आणि 1927 ला केलेला तर अजून चालू आहे. गार्ड आपल्यावर केस करतो ती त्याच्यावरच. आता या कायद्यात असं आहे, की सरकारला वाटलं म्हणून एका रात्रीत जंगल राखीव करता येत नाही. आधी गॅझेटात छापायचं, की अमुक हद्दीतली जमीन राखीव करायची आहे. ते चौथं कलम. मग एक अधिकारी नेमायचा, फॉरेस्ट सेटलमेंट ऑफिसर. त्यानं आसपासच्या गावागावात, तिथल्या भाषेत जाहीरनामा काढायचा, की ज्याचा काही हक्क असेल त्यानं येऊन सांगा. मुदत कमीत कमी तीन महिने. हे सहावं कलम. जो सांगायला आला नाही त्याचा हक्क संपला, हे नववं. आणि शेवटी विसावं कलम, जंगल राखीव झालं. 1878 च्या कायद्यातही रीत अशीच होती, कलमांचे आकडे थोडे इकडंतिकडं.

तीन महिने, बरं का. ते पावसाळ्यात आले तर माणूस लावणीत. दिवाळीनंतर आले तर अर्धा पाडा मजुरीला गेलेला. आणि जाहीरनामा वाचणार कोण होता तेव्हा आपल्यात? पाटील वाचणार, आणि तो ज्याला सांगेल त्याला कळणार.

पण याच कायद्यात आपल्या कामाची दोन-तीन कलमं आहेत, ती आपल्याला कुणी सांगितलेली नाहीत. सातवं कलम म्हणतं, जे लोक आले त्यांचं बोलणं त्या अधिकाऱ्यानं लिहून घ्यायचं. एवढंच नाही, जे आले नाहीत त्यांचेही हक्क सरकारी दप्तर बघून आणि जाणत्या माणसांना विचारून शोधायचे. तेरावं कलम तर नीट ऐका. हक्क मान्य केला काय आणि नाकारला काय, निकाल देताना त्यानं होईल तितकं लिहून ठेवायचं: माणसाचं नाव, बापाचं नाव, जात, राहण्याचं ठिकाण, धंदा. ज्या शेतासाठी हक्क मागितला ते शेत कुठं आहे, किती आहे. घर असेल तर घर कुठं आहे. चौदाव्यात आहे, की चराई मान्य केली तर किती गुरं, कुठली गुरं, कुठल्या दिवसांत. लाकूड मान्य केलं तर किती.

म्हणजे बघा. तुमच्या गावाच्या फाईलमध्ये तुमच्या पणज्याचं नाव असू शकतं, त्याच्या बापाचं नाव, जमात कोकणा की वारली की महादेव कोळी की ठाकर, आणि कुठल्या ओहोळाच्या वर त्याची नागली होती तेसुद्धा. त्याचा दावा नाकारलेला असला तरी चालेल. नाकारायला आधी माणूस तिथं असावा लागतो ना! नसलेल्या माणसाचा दावा कोण नाकारेल?

ही रीत इंग्रजांनी इथं येऊन नव्यानं काढली नाही. त्यांनी आधी ती आपल्याच देशातल्या गरिबावर वापरली होती. मागं एका शिबिरात शिकवायला आलेल्या बाईंनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना, की गोऱ्या माणसानंच गोऱ्या माणसाचं रान बंद केलं. इंग्लंडमध्ये पॅरिश म्हणून असतं, म्हणजे एका चर्चभोवतीचं गाव, आपल्या महसुली गावासारखं समजा. त्या गावाचं सामायिक कुरण असायचं, रान असायचं. गरीब माणूस तिथं एखादी गाय सोडायचा, सरपण आणायचा. मोठ्या जमीनदारांनी पार्लमेंटात जाऊन एकेका गावासाठी कायदे करून घेतले, की हे सामायिक संपवून तुकडे पाडायचे आणि ज्याचं त्यानं कुंपण घालायचं. 1604 पासून 1914 पर्यंत असे 5,200 च्या वर कायदे झाले. त्यात सुमारे 68 लाख एकर जमीन गेली, इंग्लंडच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त.

आणि पद्धत? नोटीस चर्चच्या दाराला लावायची. कमिशनर नेमायचे. ज्याचा हक्क असेल त्यानं लेखी दावा द्यायचा. मग निवाडा आणि नकाशा. आहे का नाही ओळखीचं? चर्चच्या दाराच्या जागी चावडी आणि कमिशनरच्या जागी सेटलमेंट ऑफिसर घाला, झालं. ज्याच्याकडं लेखी होतं त्याला तुकडा मिळाला. जो नुसता वहिवाटीनं गाय चारत होता त्याला बहुतेक ठिकाणी काही नाही. ज्यांना लहान तुकडे मिळाले त्यांच्यावर कुंपणाचा खर्च बसला, त्यात पुष्कळांचे तुकडे विकले गेले. तिथंही लोक गप्प बसले नव्हते. ऑक्सफर्डजवळ ऑटमूर नावाची दलदलीची सामायिक जमीन होती, तिची कुंपणं 1830 ला गावकऱ्यांनी मोडली. शिपाई लोकांना पकडून नेत होते, तर ऑक्सफर्डच्या जत्रेत जमावानं त्यांना सोडवलं.

एक फरक मात्र आहे. तिथं जमीन जमीनदाराकडं गेली, इथं सरकारच मालक होऊन बसलं. तिथं निदान तुकडा देण्याची भाषा होती. इथं आपल्या डोंगर भाजून करायच्या शेतीला दहाव्या कलमात लिहिलं, की हा हक्क नाही, ही सवलत आहे, आणि ती सरकार बंद करू शकतं.

मी ही लांबची गोष्ट सांगितली ती पुढच्या एका गोष्टीसाठी. त्या निवाड्यांची एक प्रत चर्चच्या पेटीत ठेवायचे, एक जिल्ह्याच्या कारकुनाकडं. ते कागद, ते रंगीत नकाशे आज तिकडच्या जिल्हा दप्तरखान्यात आहेत आणि कुणालाही बघता येतात. आता कुणी शेतमालकानं पायवाट बंद केली, की गावातली माणसं तिथं जाऊन दोनशे वर्षांचा निवाडा काढतात. त्यात वाट आखलेली असली तर तो कागद पुराव्यात धरतात. ज्या कागदानं रान बंद केलं त्याच कागदानं आता वाट उघडते. आपल्यालाही तेच करायचं आहे.

आता कुणी म्हणेल, आदिवासीला तर 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा कबजा दाखवला की पुरतं, मग शंभर वर्षांमागं कशाला जायचं? बरोबर आहे. नुसत्या प्लॉटच्या दाव्याला तेवढं पुरतं. पण तीन कारणं आहेत. एक, आपल्या पाड्यात जे बिगरआदिवासी शेजारी राहतात, त्यांना 75 वर्षांचं राहणं दाखवावं लागतं, म्हणजे 1930 च्या मागं जावं लागतं. ते आपल्याबरोबर मोर्चाला येतात, त्यांना सोडून आपला दावा करायचा नाही. दोन, सामुदायिक हक्क. चराई, सरपण, मोहाची फुलं, पाणी, वाटा, देव. चौदाव्या कलमाखाली गुरांचा आकडा लिहिला असेल तर तो तुमच्या चराईचा सगळ्यात जोरदार कागद. आणि तिसरं कारण म्हणजे तो शब्द, अतिक्रमणदार. आपल्या आयांना कोर्टात उभं करून हा शब्द वाचून दाखवतात. 2006 च्या कायद्यानं सुरुवातीलाच कबूल केलं आहे, की वसाहतीच्या काळात आणि स्वतंत्र भारतातही सरकारी जंगलं करताना लोकांचे हक्क नीट धरले नाहीत, हा ऐतिहासिक अन्याय झाला. हे मोघम आहे. आपल्या गावात तो अन्याय कुठल्या तारखेला, कुठल्या नोटिशीनं, किती एकरावर झाला ते फाईल सांगते. मग अतिक्रमण कुणी कुणावर केलं ते बोलता येतं.

आता आपल्या जिल्ह्याचं. पेठ हे संस्थान होतं. 1878 ला तिथली बेगम वारली आणि संस्थान इंग्रजांनी पुरतं खालसा केलं, जंगल कायद्याचंच साल. म्हणून पेठच्या गावांचे जंगलाचे कागद त्यानंतरच्या सरकारी दप्तरात शोधायचे. सुरगाण्याचं वेगळं. ते 1948 पर्यंत संस्थानच होतं, तिथं देशमुखांचा कारभार. सुरगाण्याच्या माणसांनी संस्थानाच्या वेळची पावती, सनद, काहीही असेल तर टाकू नये. वनहक्काच्या तेराव्या नियमात संस्थानाचे नकाशे, हक्कनोंदी, सवलतीसुद्धा पुरावा म्हणून धरल्या आहेत. त्याच नियमात गॅझेटियर, जनगणना, वन चौकशीचे अहवाल, कमिशनचे अहवाल आहेत. नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर 1883 ला छापलं. योगायोग असा, की त्याच साली जोतिबा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, त्यातही जंगलखात्यानं डोंगर आणि गायरानं आत घेतल्याची तक्रार आहे. घाट उतरला की ठाणे जिल्हा. तिथं आणि कुलाब्यात राबावरून, म्हणजे दाढ भाजायला पाला-फांद्या तोडण्यावरून इतकी ओरड झाली, की सरकारला 1885 ला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल 1887 चा. म्हणजे आपले आजे-पणजे बोलत नव्हते हे खोटं आहे. बोलत होते, छापलंय ते.

पण कागदाला देव करू नका. तो त्यांनी लिहिला आहे. त्यात बाईचं नाव सहसा सापडणार नाही, कसत ती असली तरी. 'कोणीही हक्क सांगितला नाही' असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ तिथं कोणी राहत नव्हतं असा लावू देऊ नका. नोटीस कुठल्या महिन्यात काढली, कुठल्या गावात लावली ते विचारा. आणि फाईल मिळेपर्यंत दावा थांबवून ठेवायचा नाही. नियमात म्हाताऱ्या माणसाचं लेखी सांगणं चालतं, फक्त तो दावेदार स्वतः नको. बांध, सपाटी, विहीर, मसणवट, वाघदेवाचा दगड, हे सगळं चालतं. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. गावनमुना 1-ई मध्ये अतिक्रमण म्हणून नाव असेल तर त्याचा उतारा काढा. फॉरेस्टच्या दंडाची पावती तर सोन्यासारखी, त्यावर तारीख त्यांनीच टाकून दिली आहे.

मागायचं कसं? एकेकट्यानं जायचं नाही. आम्ही दोघं-तिघं एका कचेरीत गेलो होतो, तिथल्या कारकुनानं बसूनच सांगितलं, एवढं जुनं रेकॉर्ड नसतं. कपाटाकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणून ग्रामसभेचा ठराव करा. नियम 12 मध्ये चौथ्या पोटनियमात लिहिलं आहे, की ग्रामसभेनं किंवा वनहक्क समितीनं लेखी मागितलं तर त्या अधिकाऱ्यानं कागदाची खरी प्रत द्यायची, आणि समजत नसेल तर माणूस पाठवून समजावून द्यायचं. अर्जात मोघम 'जुने कागद' लिहू नका. लिहा: आमच्या गावच्या जंगलाची चौथ्या आणि विसाव्या कलमाची गॅझेट अधिसूचना, सहाव्या कलमाचा जाहीरनामा, सेटलमेंट ऑफिसरची चौकशीची फाईल, निकाल आणि हद्दीचा नकाशा. जंगल 1927 च्या आधी राखीव झालं असेल तर '1878 च्या कायद्याखालची' असं जोडा. एक अर्ज प्रांताला, एक वनखात्याला, एक कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूमला, एक भूमिअभिलेखला. प्रत्येकाची पोच घ्या. 'सापडत नाही' म्हणाले तर तेच सही-शिक्क्यानं लेखी मागा. सरकारनं कायद्यानं ठेवायचा कागद सरकारला सापडत नाही, हे लेखी मिळालं तर तेही आपल्या दाव्याला जोडता येतं. तरी दिलं नाही तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत.

जुना कागद मोडीत असला तर घाबरू नका. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, आपण बसवून वाचून घेऊ. पुढच्या बैठकीला प्रत्येक समितीनं आपल्या गावाचा जुना नकाशा आणि घरोघरच्या दंडाच्या पावत्या आणाव्यात. झेरॉक्सच आणा. मूळ कागद घरी पत्र्याच्या पेटीत ठेवा, आणि कुठल्याही कचेरीत मूळ कागद मागितला तर द्यायचा नाही, दाखवायचा आणि परत घ्यायचा. अर्जाचा नमुना शेवटच्या पानावर छापला आहे.